तात्यांच्या रानातला अर्धा टक्का

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, शनिवारी दहा वाजेपर्यंत लोळायचं आणि आईनं तिसऱ्यांदा हाक मारली की उठून चहा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असा नाश्ता हाणायचा, हा माझा सोलापूरच्या वीकेंडचा ठरलेला प्रोग्रॅम. आमचं घर नवी पेठेत. खाली कपड्यांची दुकानं, वर आम्ही. गावाकडचं कुणीही लग्नाचा बस्ता बांधायला किंवा बारशाचं झबलं घ्यायला पेठेत आलं, की पाणी प्यायला आमच्याकडे टेकणारच. माझ्या लहानपणापासून आमचा जिना हा अर्धा घराचा आणि अर्धा एस.टी. स्टँडचा आहे.

तर मागच्या शनिवारी तात्या आले. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. मोहोळ तालुक्यात त्यांचं सहा एकर रान. दोन एकर विहिरीवरचा ऊस, बाकीचं चार एकर कोरडवाहू, म्हणजे शाळू. (पुण्यातल्या मित्रांसाठी: शाळू म्हणजे रब्बी ज्वारी. तुम्ही 'मिलेट' म्हणून तिप्पट भावात जिची भाकरी खाता, ती.) चहा झाला, नातीचं झबलं दाखवून झालं आणि मग त्यांनी कापडी पिशवीच्या तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दोन कागद काढले.

"बघ बरं काय हाय हे. एक मराठीत हाय, ते बी कळत न्हाई. एक इंग्रजीत हाय."

मराठीतला कागद म्हणजे त्यांची जमीन आरोग्य पत्रिका. इंग्रजीतला, बावीस पानांचा, म्हणजे एका कार्बन कंपनीचा करारनामा. कंपनीचा माणूस गावात दोनदा येऊन गेला होता. "मातीत कार्बन साठवा, डॉलरमध्ये पैसे मिळवा," असं तो म्हणाला म्हणे. तात्यांना सही करू का नको एवढंच विचारायचं होतं. मी आय.टी.तला, म्हणजे मला इंग्रजी येतं, कॉम्प्युटर येतो, त्यामुळे मिक्सर दुरुस्तीपासून कार्बन बाजारापर्यंत सगळंच येतं, असा आमच्या खानदानाचा गोड गैरसमज आहे.

मी म्हटलं, ठेवून जा, वाचून सांगतो. आणि मग शनिवार दुपारची झोप, रविवारची मिसळ आणि परतीचा पूर्ण प्रवास त्या दोन कागदांत गेला. जे काही डोक्यात बसलं ते आज लिहितोय.

आधी सोपा कागद. जमीन आरोग्य पत्रिकेची योजना केंद्र सरकारनं १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगडला सुरू केली. मातीच्या बारा गोष्टी तपासायच्या: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त-लोह-तांबं-मंगल-बोरॉन, शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. तात्यांच्या कार्डावर सेंद्रिय कर्बापुढे ०.४२ आणि शेजारी 'कमी' असा शेरा होता. अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलं की 'कमी', पाऊण टक्क्याच्या वर 'जास्त', असा ढोबळ हिशोब असतो.

सेंद्रिय कर्ब म्हणजे काय, तर मेलेली मुळं, पाला, शेण, किडे, जिवाणू या सगळ्याचं कुजून मातीत उरलेलं जे काही असतं त्यातला कार्बन. तो असला की माती भुसभुशीत राहते, पाणी धरते, टाकलेलं खत वाहून जात नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मातीची रॅम. रॅम कमी असलेल्या मशीनवर तुम्ही कितीही भारी सॉफ्टवेअर टाका, ते हँगच होणार. आणि ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मर्जीनं, तिथे माती पाणी किती दिवस धरते यावर वर्षाचं धान्य ठरतं. शाळू तर पेरतातच पावसाळा संपताना. वरून पाणी जवळजवळ नाही. पीक उभं राहतं ते मातीनं साठवलेल्या ओलीवर. तात्यांचं चार एकर म्हणजे खरं तर एक पाण्याची टाकी आहे, आणि त्या टाकीला चिरा पडल्यात असं ते कार्ड सांगतंय.

आता कार्ड चांगलंच आहे हो. माझी तक्रार वेगळी आहे. योजना सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना असं ठरलं होतं. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! तात्यांचं कोरडवाहू चार एकर. म्हणजे त्यांच्या कार्डावरचा आकडा त्यांच्याच रानाचा असेल याची खात्री नाही, शेजारच्या वस्तीवरच्या पाव्हण्यांचाही असेल. पुढे मोबाइल ॲपवर नमुन्याच्या जागेची नोंद वगैरे सुरू झालं ते बरंच झालं. पण "कार्डं किती वाटली" हा जो आकडा दर वर्षी सांगितला जातो (देशभरात चोवीस कोटींहून जास्त झाली), त्याच्या शेजारी "कर्ब किती वाढला" हा आकडा मात्र ऐकू येत नाही. तात्यांना याआधीही एक कार्ड मिळालं होतं. ते कुठाय? "आसंल की पत्र्याच्या पेटीत." त्यावरचा आकडा काय होता? "काय की."

आमच्या ऑफिसात एक मॅनेजर होते, ते दर आठवड्याला किती टेस्ट केस लिहिल्या हे विचारायचे. बग किती मिटले हे कधीच नाही. त्यामुळे आम्ही टेस्ट केस लिहीत बसायचो. असो.

आता दुसरा कागद, बावीस पानी.

याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण 'कार्बन शेती' हा शब्द आपल्याकडे अगदी अलीकडे आलाय. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यातला काही भाग मुळं-पाल्यावाटे मातीत जातो. तो तिथे राहील अशी शेती केली तर हवेतला कार्बन तेवढा कमी झाला, म्हणून त्याचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे. ऑस्ट्रेलियानं २०११ मध्ये यासाठी कायदा केला. २०१५ च्या पॅरिस परिषदेत फ्रान्सनं "मातीतला कार्बन दर वर्षी हजारी चारनं वाढवू" अशी मोहीम मांडली. युरोपियन युनियननं २०२४ मध्ये कार्बन शेतीच्या प्रमाणपत्रांचे नियम मंजूर केले. आपल्याकडे जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली आणि २९ जानेवारी २०२४ ला केंद्रीय कृषी मंत्रालयानं शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी एक आराखडा प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांनी, विशेषतः छोट्या शेतकऱ्यांनी, या बाजारात यावं आणि त्यांना जास्तीचं उत्पन्न मिळावं हा त्यामागचा हेतू. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण तात्यांच्या करारात लिहिलेलं असं: वीस वर्षांचा करार. नांगरट करायची नाही किंवा कमीत कमी करायची. पिकाचे अवशेष रानातच ठेवायचे. खर्च वजा जाता जे उरेल त्यातला ठरावीक हिस्सा शेतकऱ्याचा. खर्च किती, ते कंपनी ठरवणार. मोजणी कंपनी करणार. कर्ब घटला तर पुढच्या हप्त्यातून वळता करणार.

तात्या एकसष्ट वर्षांचे आहेत. मुलगा चाकणला कंपनीत आहे आणि गावाकडे परत येईल अशी लक्षणं नाहीत. वीस वर्षं हा करार पाळणार कोण? नातीचं तर अजून बारसं व्हायचंय.

मी तात्यांना फोनवर अटी वाचून दाखवल्या. नांगरट नको, इथवर ते शांत होते. मग मी म्हटलं, आंतरमशागतही कमी करायची. तर म्हणाले, "आरं, शाळूत भेगा पडल्यावर कोळपायचं न्हाई तर काय त्यात सिमेंट भरू?" मला त्यांचं म्हणणं आधी कळलंच नाही. मग शोधलं. आपली काळी माती वाळली की तडकते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. कोळप्यानं वरची माती हलवली की भेगा बुजतात. सोलापुरात १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, त्यातून पुढे आलेल्या 'मुंबई कोरडवाहू पद्धती'तही बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी हेच सांगितलं होतं. म्हणजे तात्या जे करतात ते अडाणीपणानं नाही, नव्वद वर्षांची शिफारस पाळून करतात. दुसऱ्या खंडातल्या मातीसाठी, पावसासाठी आणि तिथल्या दोन-दोन हजार एकरांच्या शेतांसाठी लिहिलेली अट मोहोळला चिकटवली की असं होतं. कॉपी-पेस्ट केलेला कोड आपल्या सर्व्हरवर चालत नाही, यात नवीन ते काय?

आता पैशाचा हिशोब. हा मी हायवेवर टेंभुर्णीच्या पुढे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केला आणि तीनदा तपासला, कारण उत्तर बघून मला वाटलं माझं एक शून्य सुटलंय.

एक एकर रान घ्या. वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण आठ लाख किलो भरतं. तात्यांचा कर्ब ०.४२ चा ०.५२ झाला, म्हणजे एक दशांश टक्का वाढला, म्हणजे तो अर्ध्या टक्क्याची रेघ ओलांडून 'कमी'तून बाहेर आला, असं समजू. आठ लाखांचा एक दशांश टक्का म्हणजे आठशे किलो कार्बन. बारावीचं केमिस्ट्री आठवा: कार्बन बारा, कार्बन डायऑक्साइड चव्वेचाळीस. म्हणजे आठशे किलोचे झाले जवळपास तीन टन कार्बन डायऑक्साइड. एका टनाला एक क्रेडिट. समजा एका क्रेडिटला दहा डॉलर मिळाले, म्हणजे ढोबळ मानानं साडेआठशे रुपये. तीन टनांचे झाले अडीच हजार. आणि एवढा कर्ब आपल्या उन्हात वाढायला पाच वर्षं लागली असं धरा (हे मी आशावादी धरलंय), तर एकरी वर्षाला पाचशे रुपये. सहा एकरांचे तीन हजार.

त्यातून मोजणी, पडताळणी, कंपनीचा नफा आणि 'खर्च वजा जाता' हे सगळं जायचंय अजून.

मला वाटलं मी काहीतरी चुकतोय. म्हणून दुसरीकडची उदाहरणं शोधली. केनियात जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेला प्रकल्प या क्षेत्रात फार गाजला. साठ हजार छोटे शेतकरी, पंचेचाळीस हजार हेक्टर. २०१४ च्या जानेवारीत त्यांना मातीतल्या कार्बनची पहिली क्रेडिट मिळाली: २४,७८८ टन. भागून बघा. माणशी अर्धा टनसुद्धा नाही. हा पहिलाच हप्ता होता हे मान्य, पण पहिल्या हप्त्यात एका कुटुंबाच्या वाट्याला काय आलं असेल त्याचा अंदाज येतो.

शिवाय मोजणीची गंमत वेगळीच. माती तपासायची तर रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा सहा इंच खड्डा घ्यायचा, माती एकत्र करायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत शेवटी अर्धा किलो पिशवीत भरायची. एकाच रानात बांधाकडेचा कर्ब वेगळा, उकिरड्याजवळचा वेगळा, चढावरचा वेगळा. हा फरक एक दशांश टक्क्याहून सहज जास्त असतो. म्हणजे पाच वर्षांत आपल्याला जो सिग्नल पकडायचाय, त्याहून आवाजच मोठा! तो नीट पकडायचा तर खूप नमुने लागतात आणि खूप नमुने म्हणजे खूप खर्च. दोन हजार एकरांच्या मालकाला तो परवडतो. सहा एकरवाल्याच्या बाबतीत मोजण्याचा खर्च मोजलेल्या वस्तूपेक्षा जास्त होतो. हा कुणाचा लबाडपणा नाही, हे निव्वळ गणित आहे. आणि म्हणूनच मला वाटतं, बाजार सगळं नीट करेल असं म्हणत सरकारनं कोरडवाहू शेतकऱ्याला या गणिताच्या तोंडी देऊ नये.

मग पैसा कुठून येणार? इथे मला खरा धक्का बसला, तो सांगतो. पैसा आहे. भरपूर आहे. तो फक्त गोणीवर छापलेला आहे.

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. २०२२ मध्ये त्याच गोणीची खरी किंमत दोन हजारांच्या पुढे होती. वरचे सतराशेहून जास्त रुपये सरकार भरत होतं. २०२२-२३ मध्ये देशाचं एकूण खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. जगात भाव भडकले होते, युद्ध होतं, हे खरंच. नंतर आकडा खाली आला. पण चित्र तेच आहे.

आता तात्यांच्या रानात या. कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी पन्नास किलो नत्र धरलं तर एकरी वीस किलो, म्हणजे युरियाची एक गोणी. सुरू उसाला शिफारस हेक्टरी अडीचशे किलोची, म्हणजे एकरी पाच गोण्या. चार एकर शाळूला चार गोण्या, दोन एकर उसाला दहा. चौदा गोण्यांवरचं अनुदान, २०२२ च्या भावानं, चोवीस हजारांच्या आसपास. निम्म्या भावानं धरा, तरी बारा हजार. दर वर्षी, लगेच, दुकानाच्या काउंटरवर, आधार आणि अंगठा लावला की. आणि त्यातला बहुतेक वाटा पाणी असलेल्या दोन एकरांना.

समोर काय? पाच वर्षं थांबा, बावीस पानं वाचा, नांगर टाकून द्या, मग तीन हजारांतून खर्च वजा जाता जे उरेल ते.

सांगा, तात्यांनी कशावर विश्वास ठेवायचा?

युरिया बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. वीकेंडला भाकरी खाऊन पुण्याला जाणाऱ्या माणसानं तसं म्हणूही नये. आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही. जून २०२३ मध्ये पीएम-प्रणाम योजना आली: राज्यानं रासायनिक खताचा वापर कमी केला तर वाचलेल्या अनुदानातला निम्मा भाग राज्याला परत. कल्पना फार चांगली. पण पैसा जातो राज्याला, आणि त्यातला सत्तर टक्के खर्चायचा मालमत्ता उभारण्यावर. तात्यांनी एक गोणी कमी टाकली तर त्यांच्या खात्यात काय येतं? काही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटींचं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर झालं. साडेसात लाख हेक्टर आणि एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोचायचं. हेही चांगलं. फक्त हा आकडा अडीच लाख कोटींच्या शेजारी ठेवून बघा. एक टक्का!

बरं, कर्ब वाढवायचा कसा हे आपल्याला माहीत नाही असंही नाही. मला हे वाचून खरंच अभिमान वाटला, की याचं उत्तर नवी पेठेपासून रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर मिळालेलं आहे. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९८५ पासून रब्बी ज्वारीवर एक प्रयोग बावीस वर्षं चालला. एका तुकड्याला काहीच खत नाही, एकाला नुसता युरिया, एकाला शेणखत, एकाला कडब्याचे अवशेष, एकाला सुबाभळीचा पाला, आणि काहींना यांची मिश्रणं. निम्मं नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मं युरियातून दिलेल्या तुकड्यानं बाजी मारली. धान्यही जास्त, कर्बही जास्त. म्हणजे युरिया पूर्ण बंद नाही, नुसता युरियाही नाही. आणखी एक गोष्ट त्यातून निघाली, ती मला रात्रभर छळत होती: इथे कर्ब वाढवायचं सोडा, आहे तेवढाच टिकवायला दर वर्षी हेक्टरी एक टनाहून थोडा जास्त कार्बन मातीत घालावा लागतो. म्हणजे एकरी साधारण एक टन वाळका पाला, मुळं, शेण वगैरे. ट्रेडमिलसारखं. जागच्या जागी राहायलाच पळायचं.

आणि तात्यांच्याकडे हा एक टन आणायचा कुठून? ज्वारीचा कडबा रानात ठेवा, असं करार म्हणतो. कडबा म्हणजे जनावरांचं वर्षाचं पोट, आणि दुष्काळात धान्याहून कडब्याला भाव. तो रानात कुजवायला सांगणं म्हणजे पगार कुंडीत पुरायला सांगण्यासारखं आहे. ट्रॅक्टर आल्यावर तात्यांनी बैल विकले, त्यामुळे शेणखतही आटलं. राहता राहिलं उसाचं पाचट. एकरी तीन-चार टन निघतं. कर्बाची खाणच ती. ती तात्या दर वर्षी पेटवून देतात.

हो, पेटवतात. मी विचारलं तर जरा ओशाळले. पाचटात पाणी नीट पुढे सरकत नाही, उंदीर होतात, साप होतात, कुट्टी करायचं मशीन वेळेवर मिळत नाही, मजूर मिळत नाही आणि खोडव्याला पाणी तर लगेच द्यायचं असतं. काडी ओढली की पंधरा मिनिटांत रान मोकळं. कृषी खातं 'पाचट जाळू नका' सांगून सांगून थकलं. पण काडेपेटी दोन रुपयांना आहे आणि कुट्टीला रोख पैसे लागतात, हा मुद्दा पत्रकं वाटून सुटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: मातीत साठलेला कार्बन मोजून पैसे द्यायच्या नादी लागण्यापेक्षा, जे काम केल्यानं कार्बन साठतो त्या कामाचे पैसे द्या. पाचट न जाळता सरीत दाबलं, एकरी इतके रुपये. बांधावर सुबाभूळ, गिरिपुष्प लावून पाला रानात घातला, इतके. पाऊस साथ देईल तिथे खरिपात मोकळ्या पडणाऱ्या रानात ताग किंवा उडीद-मूग घेतलं, इतके. त्याच वर्षी, थेट खात्यात.

हे काही माझं क्रांतिकारक संशोधन नाही. महाराष्ट्र हे एका बाबतीत करतोच आहे! 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तलावात साठलेला गाळ म्हणजे आपल्याच रानांतून वाहून गेलेली वरची माती. ती उचलून परत रानात टाकायची. २०२३ पासून तर छोट्या शेतकऱ्याला घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे, एकरी पंधरा हजारांपर्यंत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांना ३७,५०० रुपये असं अनुदान ठरलं. तिथे कुणी विचारलं का, की या गाळानं तुमचा कर्ब किती दशांश वाढला? गाळ आला, पसरला, मोजला, पैसे. हरियाणानंही भाताचा पेंढा न जाळता त्याची व्यवस्था लावणाऱ्याला एकरी हजार रुपये द्यायला सुरुवात केली होती. मग मोहोळच्या पाचटानं काय घोडं मारलंय?

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, लोक फोटो काढतील आणि मग पेटवतील. काढतील की. थोडे जण काढतीलच. पण पंजाब-हरियाणात पेटलेली शेतं उपग्रहावरून मोजली जातात, जळालेलं काळं रान वरून दिसतं. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः रानात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो, ठिकाणासकट. सातबारा ऑनलाइन आहे. २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार थेट खात्यात येतात, म्हणजे पैसे पोचवायचा पाइपही टाकलेला आहे. माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो, इतके तयार भाग असताना हे जोडायला फार मोठी टीम लागत नाही. थोडी गळती होईल. पण बावीस पानांचा करार, परदेशी पडताळणी आणि वीस वर्षांची हमी या सगळ्यात जी गळती होते तिला आपण 'खर्च' म्हणतो, एवढाच फरक.

आणि कार्ड? ते ठेवाच. फक्त गावात दहा रानं कायमची निवडा, दर तीन वर्षांनी त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत तपासा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आकडे रंगवा. मागचे आणि आताचे शेजारी शेजारी. तात्यांच्या पत्र्याच्या पेटीतलं हरवलेलं कार्ड हेच या योजनेचं सगळ्यात मोठं नुकसान आहे असं मला वाटतं. आम्ही कोडची प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली याचा इतिहास ठेवतो. ज्या मातीवर तीन पिढ्या जेवल्या तिचा मागचा आकडा कुणाकडे नाही.

बुधवारी रात्री तात्यांना फोन केला. म्हटलं, सध्या सही करू नका. कंपनीच्या माणसाला तीन गोष्टी मराठीत लिहून मागा: खर्च म्हणजे नक्की किती, कर्ब घटला तर तुमच्याकडून जास्तीत जास्त किती वळता होणार, आणि मध्येच बाहेर पडायचं झालं तर काय. तात्या म्हणाले, "मी इचारलं की त्याला. म्हनला, मराठीत न्हाई मिळत."

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मागे म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"बरं, त्या पाचटाचं काय म्हनत हुतास? ह्या खेपेला एक एकर तसंच ठिवून बघू का? मशीनचं भाडं तू देनार आसशील तर." आणि हसले.

भाडं मी देणार आहे. येत्या महिन्यात मोहोळला जाऊन त्या एकरातून आणि शेजारच्या, पेटवणार त्या एकरातून वेगवेगळा नमुना घ्यायचा, खड्डे आम्हीच खणायचे, असं ठरलंय. पिशव्यांवर काय लिहायचं ते मला माहीत आहे. खुरपं कसं धरायचं ते तात्या शिकवणार आहेत. पत्र्याच्या पेटीत पहिलं कार्ड सापडतंय का तेही त्याच दिवशी बघू.